अळिवाचे लाडू आणि सत्त्याण्णव बाटल्या

प्रेमलता रामटेके रोज सकाळी साडेसहाला शाळेच्या व्हॅनमध्ये ड्रायव्हरच्या शेजारी बसायची आणि शाळा येईपर्यंत तोंड बंद करायची नाही. विषय कुठलाही चाले. अंगणवाडीच्या वजनकाट्याला गंज लागलाय. पर्यवेक्षिकाबाईंनी तोच तक्ता तिसऱ्यांदा मागवलाय. शेजारच्या विक्रमने त्याच्या गाडीच्या सीटला वाघाच्या पट्ट्यांचं कव्हर घातलंय, बघवत नाही. मागे बसलेली चौदा पोरं कंटाळून खिडकीबाहेर बघायची. ड्रायव्हरही कंटाळायचा. कंटाळू दे. ड्रायव्हर तिचा नवरा होता. तो कंटाळला, चिडला, खेकसला तरी तिची काही हरकत नव्हती. तो झोपायला नको होता.

अंकुश सत्तावन्न वर्षांचा. नागपूरच्या धरमपेठेतली पोरं शाळेत नेणं-आणणं हे काम त्याने एकोणीस वर्षं केलं. दारू नाही, तंबाखूचा खर्रा नाही, चौकात उभं राहून गप्पा नाहीत. पोरांच्या आया त्याच्या हाती किल्ली दिल्यासारखं पोर द्यायच्या आणि घरात वळायच्या. अशा माणसाबद्दल कोणी काही बोलत नाही, त्यामुळे बोलायची वेळ आली तरी ती कोणाला कळत नाही.

प्रेमलताला कळली ती एका डब्यामुळे. जानेवारीत नूपुर नावाच्या तिसरीतल्या मुलीचा डबा व्हॅनमध्ये राहिला. प्रेमलता तो द्यायला त्यांच्या घरी गेली. आई आत फोनवर होती, दार नूपुरनेच उघडलं.

"काकू, काकांना जादू येते," ती म्हणाली.

"कसली गं?"

"ते डोळे मिटून गाडी चालवतात. आज मेट्रोच्या खांबाजवळ थोडीशी घासली, पण थांबवली मग. मी आरशात बघितलं."

प्रेमलताने आत आईकडे एक नजर टाकली. पण ती सव्वीस वर्षं अंगणवाडीत काढलेली बाई. मुलांशी खोटं बोलायला तिला विचार करावा लागत नव्हता. ती खाली वाकली आणि म्हणाली, "अगं, जादू कोणाला सांगायची नसते. सांगितली की जाते."

नूपुरने दोन्ही हात तोंडावर ठेवले. आतून आईने विचारलं, "कोण आहे?" प्रेमलता म्हणाली, "डबा द्यायला आले होते," आणि जिना उतरली.

ते वाक्य तिला पुढे किती महिने टोचत राहिलं, ते तिचं तिला ठाऊक. दुसऱ्या दिवसापासून ती व्हॅनमध्ये बसू लागली. अंकुश म्हणाला, "काहून येते तू?" ती म्हणाली, "बाईमाणूस गाडीत असलेलं बरं, असा नियमच आहे." नियम होताच, इतकी वर्षं कोणी पाळला नव्हता.

अंकुशला झोप न येण्याचं कारण त्याचे पाय. गेल्या पावसाळ्यापासून दिवसा काही नसे. रात्री अंथरुणाला पाठ लागली की सुरू.

"दुखतात?" तिने पहिल्यांदा विचारलं होतं.

"नाही."

"मुंग्या येतात?"

"मुंग्या नाही वं. आतून वळवळते. पोटऱ्यांच्या आत कोणी किडे सोडल्यावानी. हलवले का बरं वाटते. थांबलो का पुन्हा सुरू."

मग तो उठायचा आणि पांढराबोडीतल्या त्यांच्या दोन खोल्यांपुढच्या सिमेंटच्या पट्टीवर फेऱ्या घालायचा. तीन-तीन वाजेपर्यंत. साडेपाचला गजर.

आता आपल्याकडे माणूस झोपला नाही की सगळं स्वयंपाकघर त्याच्यामागे लागतं. शेजारीण म्हणाली, केळं द्या. महिनाभर रोज रात्री केळं दिलं. केळ्याने पाय थांबत असते तर जळगावात रात्री कोणी कूस बदलली नसती. पुण्याच्या मुलीने, दीप्तीने, मोबाइलवर भोपळ्याच्या बियांचा व्हिडिओ पाठवला. बिया झाल्या. जायफळ घालून दूध झालं, खसखशीची खीर झाली. लाखोळीच्या डाळीने पाय जातात म्हणून ती वडे करायची डाळही घरातून गेली. वर औषधाच्या दुकानातल्या पोराने "झोपेची हलकी गोळी" म्हणून सर्दीची गोळी दिली, त्या रात्री तर पाय असे नाचले की अंकुशने भिंतीला लाथ मारली.

सगळ्यांत जोर होता तो त्याच्या आईचा. तुळसाबाई ऐंशीच्या पुढच्या. नरखेड तालुक्यातल्या त्यांच्या गावी एकट्या राहायच्या आणि एसटीच्या ड्रायव्हरच्या हातून पिशव्या पाठवायच्या. आधी त्यांचं म्हणणं पडलं की पोराला उष्णता झाली. म्हणून सब्जा आणि धन्याचं पाणी. पंधरा दिवसांनी म्हणणं पडलं की थंडी बसली. म्हणून मेथी, डिंक आणि गूळ. एकाच पोटात उष्णही गेलं आणि थंडही गेलं. मग आला अळीव. अळिवावर मात्र त्या ठाम राहिल्या.

"प्रेमलता, लाडू करते का नाही वं?" त्या फोनवर विचारायच्या.

"करून राहिली ना, आई. रोज दोन देते."

"गूळ घालते का साखर?"

"गूळच घालते."

"अन् खाते का थो?"

खायचा. रोज रात्री जेवण झालं की दोन लाडू. पण अळिवाची उग्र चव त्याला जिभेवर राहू द्यायची नसे, म्हणून दुसऱ्या लाडवाचा घास गिळला की लगेच पेलाभर कडक चहा. तो चहा प्रेमलताच करायची. आलं ठेचून, चांगला उकळून.

हीच बाई सकाळी दहाला अंगणवाडीत गरोदर बायांपुढे उभी राहून काय सांगायची? अळीव खा, त्यात लोह असतं. लोहाची गोळी चहासोबत घ्यायची नाही, चहाने लोह अंगी लागत नाही. जेवणानंतर तासभर चहाचं नाव काढायचं नाही. भाजीवर लिंबू पिळा. गोळी माझ्या डोळ्यांदेखत गिळा, उशीखाली लपवू नका. सव्वीस वर्षं. हा सल्ल्यांचा तक्ता तिला पाठ होता, पाठ होता म्हणूनच बहुधा ती तो ऐकत नव्हती. रक्त कमी असणं हा बायांचा आणि पोरांचा आजार. पुरुष अंगणवाडीत येई तो धान्याचं पोतं उतरवायला.

आणि अंकुशच्या बाबतीत तर हा विचार शिवणंच शक्य नव्हतं. त्यांच्या घराची पुढची भिंत प्रमाणपत्रांनी भरलेली होती. सत्त्याण्णव वेळा रक्तदान. कुठल्याही शिबिरात अंकुश रामटेके म्हटलं की खुर्ची मिळायची. वस्तीत कोणाच्या घरी रक्ताची गरज लागली की पहिला फोन त्याला. ज्याचं रक्त अर्ध्या नागपुरात फिरतंय, त्याला रक्त कमी? असं म्हणणारा वेडाच ठरला असता.

त्या सत्त्याण्णवांच्या मुळाशी एक मुलगी होती. लतिका, अंकुशची धाकटी बहीण. तिला सिकलसेल होता, आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. घरात सगळ्यांची तपासणी झाली तेव्हा आईत दोष निघाला, वडिलांत निघाला, लतिका तर आजारीच. एकटा अंकुश स्वच्छ निघाला. बावीस वर्षांच्या पोराला आपण चांगले आहोत याची लाज वाटावी, असं ते घर झालं. तिला रक्त लागायचं. त्याने दिलं. आठच दिवसांत पुन्हा लागलं, पण एकदा दिल्यावर तीन महिने त्याचं घेता येत नव्हतं. तो दारोदार फिरला. दोन बाटल्या मिळाल्या. तिसरी घेऊन तो आला तेव्हा लतिका गेली होती. सतरा वर्षांची.

त्यानंतर तीन महिन्यांनी त्याने रक्त दिलं. मग पुन्हा. चौतीस वर्षांत आजारपणात, पोटापाण्याच्या धावपळीत हुकले तेवढेच. भाषण नाही, फोटोची हौस नाही. तीन महिने झाले की जायचं, हात लांब करायचा. प्रेमलताने लग्न झाल्यापासून हे बघितलं होतं आणि तिला त्याचा अभिमान होता. अभिमान असला की माणूस नीट बघत नाही.

मार्चमध्ये एक दिवस मेघा नावाची पाचव्या महिन्यातली बाई अंगणवाडीत वजन करायला आली. वजन झालं तरी ती जाईना.

"बाई, एक विचारू का? हसणार नाही ना?"

"विचार लवकर. मले नोंदी करायच्या आहेत."

"रात्री झोपलं का पाय कसेतरीच होतात माहे. दुखत नाहीत. आतून वळवळते. उठून फिरलं का बरं वाटते. सासू म्हणते नाटकं करून राहिली."

प्रेमलताचं डोकं वहीत होतं. तिने मान वर न करता सांगितलं, "रक्त कमी आहे तुझं. गोळ्या खाते का उशीखाली ठेवते? खात असशील तर चहासोबत खात असशील. ते बंद कर. लिंबू पिळत जा."

आणि तिचं पेन थांबलं.

"बाई? काय झालं?"

"पुन्हा सांग."

"काय?"

"पाय कसे होतात ते पुन्हा सांग."

मेघाने घाबरत घाबरत पुन्हा सांगितलं. शब्दसुद्धा तेच होते. आठ महिने तिच्या स्वतःच्या अंथरुणाशेजारून तिने ऐकलेले. बाहेरची बाई बोलली तर उत्तर पाच सेकंदांत तोंडातून पडलं, आणि घरच्या माणसासाठी ती केळी सोलत बसली होती. प्रेमलताला रडू आलं नाही. राग आला. ती तशीच उठली, मदतनीस बाईला "पोरं बघ" म्हणाली आणि घरी गेली.

अंकुश खाटेवर पाय लांब करून बसला होता. दुपारच्या सुट्टीला अजून वेळ होता.

"उठा. दवाखान्यात जायचं आहे. रक्त तपासायचं."

"कोणाचं?"

"तुमचं. तुमचं रक्त कमी आहे."

तो आधी हसला. "मले? अवं, लोकाईले रक्त देतो मी! दर वेळी बोटाले टोचून पाहतात. पास आहे मी, पास!"

"हिमोग्लोबिन किती निघते?"

"बारा पॉइंट सहा. सात. साडेबाराच्या वर पाह्यजे, तर आहे ना वर."

"वर आहे म्हणते! तुमच्यासारख्या माणसाचं चौदा-पंधरा पाह्यजे. काठावर पास होऊन राहिले तुम्ही, अन् पेढे वाटून राहिले."

"तू अंगणवाडीची बाई आहे, डॉक्टर नोको होऊ."

"म्हणूनच डॉक्टरकडे चला म्हणते."

डॉक्टर अदिती तरुण होत्या आणि बोलायला सरळ. त्यांनी पायांबद्दल चार प्रश्न विचारले, मग भलताच पाचवा: "रक्तदान करता का?" अंकुशने आकडा आणि वर्षं सांगितली तेव्हा त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांनी रक्तातलं नव्हे, शरीराच्या साठ्यातलं लोह तपासायला सांगितलं. या वयाच्या पुरुषाचं लोह आणखी कुठून जात नाही ना, म्हणून पोटाच्याही तपासण्या केल्या. आठवड्याने रिपोर्ट आले. पोटात काही निघालं नाही. साठा मात्र जवळजवळ संपलेला होता.

"तुमचं गाव नरखेडकडे ना? संत्र्याच्या बागा आहेत तिकडे?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग तुम्हाला कळेल. तुम्ही टाकी बघता, टाकीत पाणी आहे. पण मोटर चौतीस वर्षं उपसते आहे आणि विहिरीला तळ लागलाय. बोटाला टोचून टाकी दिसते, विहीर दिसत नाही. लोह संपलं की काही लोकांचे पाय असे रात्री बंड करतात."

विहिरीचा तळ अंकुशने गावी बघितलेला होता.

"अळिवाचे लाडू देते रोज," प्रेमलता हळूच म्हणाली.

"चांगलेच आहेत. खाऊ द्या. वर लिंबूपाणी द्या."

"वर चहा घेत होते ते."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या ओढणीला अंगणवाडीचा बिल्ला तसाच लावलेला होता. त्या बिल्ल्याकडेही त्यांनी बघितलं, आणि पुढे काही न बोलण्याइतकी समज त्यांना होती.

"पण नुसत्या लाडवांनी ही विहीर भरणार नाही. गोळ्या घ्याव्या लागतील, काही महिने. रक्तदान वर्षभर बंद, नंतरही मला विचारल्याशिवाय नाही. आणि झोप नीट लागेपर्यंत गाडी चालवायची नाही."

दोघं घरी आले. दारात चप्पल काढताना अंकुश म्हणाला, "गोळ्या खाईन. चहा सोडतो. पण गाडी सुटणार नाही, परीक्षा तोंडावर आहेत पोरांच्या. अन् चौदा एप्रिलच्या शिबिरात रक्त देईन. तीनच राहिले."

"कशाला तीन? शंभराचं काय करता? लोणचं घालता?"

"प्रेमा, तोंड सांभाळ."

"नाही सांभाळत! चौदा लेकरं बसतात मागे. एकदा डोळा लागण्याची गोष्ट आहे. तुम्ही एकाला रक्त देसाल अन् चौघांना लागंल, तवा कुठून आणसाल?"

तो चपला पुन्हा पायात सरकवून बाहेर गेला. तो ऐकणार नव्हता, हे तिला कळलं. खरं तर त्या दिवशी तिने व्हॅनची किल्ली काढून घ्यायला पाहिजे होती. नाही काढली. परीक्षा संपेपर्यंत, पोरांच्या सुट्ट्या लागेपर्यंत, एवढे पंधरा दिवस, असं करत तिने स्वतःलाही फसवलं. ती आणखी जोरात बोलू लागली, इतकंच.

चौदा एप्रिलला विहारापुढे मंडप होता. प्रेमलता दुपारभर ताक वाटत होती. ऊन असं की ताकाचं पातेलं भरावं आणि रिकामं व्हावं. संध्याकाळी अंकुश घरी आला तेव्हा त्याने पूर्ण बाह्यांचा सदरा घातलेला होता. एप्रिलमध्ये, नागपुरात. तिने काही न विचारता त्याचा डावा हात धरला आणि बाही वर सरकवली. कोपरात कापूस आणि चिकटपट्टी.

"अठ्ठ्याण्णव?" तिने विचारलं.

"लतिकाच्या वेळी मी नाही म्हटलं होतं," तो म्हणाला.

"तुमचं घेता येत नव्हतं. तुम्ही नाही नव्हतं म्हटलं."

"एकच झालं ते."

चौतीस वर्षांत तो हे पहिल्यांदा बोलला होता. आपला राग कुठे ठेवावा, प्रेमलताला समजेना. रात्रभर तो बाहेर फेऱ्या मारत राहिला आणि ती आत त्याच्या चपलांचा आवाज मोजत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉ कॉलेज चौकात सिग्नल लाल झाला. व्हॅन थांबली. प्रेमलता मेघाबद्दल सांगत होती, की तिला आता बरी झोप लागते, सासूही गप्प झाली. सांगता सांगता तिने मागे वळून पहिलीतल्या हर्षितला पाण्याची बाटली नीट धरायला सांगितलं. एवढाच वेळ. सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजू लागले.

"काका, ग्रीन झाला," हर्षित म्हणाला.

काका हलले नाहीत. दोन्ही हात चाकावर, मान किंचित खाली, तोंड थोडं उघडं. प्रेमलता इतके महिने ज्या झोपेची वाट बघत होती ती गाढ झोप त्याला लागली होती, भर चौकात, चौदा पोरं मागे घेऊन. त्याचा पाय ब्रेकवरून सुटला आणि व्हॅन हळूहळू पुढे सरकू लागली. समोरून वळण घेणारी सिटीबस. प्रेमलताने हँडब्रेक ओढला, एवढ्या जोरात की तिचा खांदा आठ दिवस दुखला.

गाडीने हिसका दिला. कोणाचा तरी डबा पडला. अंकुशने डोळे उघडले, समोर बसचं तोंड बघितलं, मग आरशात बघितलं. आरशात नूपुर होती. ती सगळ्यांत शांत होती.

"ही जादू नव्हती ना, काकू?" ती म्हणाली.

"नाही," प्रेमलता म्हणाली. "नव्हती."

अंकुशने गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, किल्ली काढून तिच्या मांडीवर ठेवली. मग उतरून तो फुटपाथच्या कडेवर बसला. तिने विक्रमला फोन केला. तो दहा मिनिटांत आला, चेहऱ्यावर झोपेचे वळ घेऊन, आणि पोरं शाळेत गेली. त्या दिवशी कोणालाही उशीर झाला नाही. उशीर झाला असता तर बरं, असं तिला वाटत राहिलं. कोणीतरी ओरडायला पाहिजे होतं.

ते तिने स्वतःच मागून घेतलं. तिने चौदाही घरी सांगितलं. तेरा घरी फोनवर. नूपुरच्या घरी मात्र ती जिना चढून गेली.

"म्हणजे जानेवारीतच माहीत होतं तुम्हाला?" नूपुरच्या आईने विचारलं.

"हो."

"आणि माझ्या मुलीला तुम्ही गप्प बसवलंत."

"हो."

"आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला होता, प्रेमलताताई."

ती "चुकलं माझं" म्हणाली. चुकलं या शब्दात एवढं मावत नाही, हे दोघींनाही कळत होतं. दार लागलं, जोरात नाही, हळूच लागलं. ते जास्त लागलं तिला.

दोन दिवसांनी तुळसाबाई आल्या. एसटीने, एकट्या, मांडीवर अळिवाची पिशवी. त्यांना फोनवर सगळं कळलं होतं. त्यांनी पाणी घेतलं नाही, बसल्याही नाहीत. भिंतीवरच्या प्रमाणपत्रांसमोर उभ्या राहून त्यांनी पोराला हाक मारली.

"अंकुश, इकडं ये. हे कोणासाठी लावलं?"

"तुले माहीत आहे, माय."

"मले विचारलं का कधी? तिची माय कोण हाय? तू का मी?"

त्याने खाट पुढे ओढली. त्या उभ्याच राहिल्या.

"थे गेली तवा मी तुले काही म्हटलं नाही, म्हून तुले वाटलं का मी तुले बोल लावून राहिली. मले बोलताच येत नव्हतं रे, लेकरा. एक पोरगी गेली. आता दुसऱ्याईची चौदा घालवतं का तिच्या नावावर?" त्यांनी पिशवी प्रेमलताच्या हातात दिली. "हे घे. अन् तू, माहे लाडू चहात बुडवून राहिली होती म्हणते! सव्वीस वर्सं कोणाले शिकवलं वं तू?"

"बायाईले," प्रेमलता म्हणाली.

"अन् घरातल्याले कोण शिकवणार? मी?"

त्या दिवसापासून प्रेमलता रोज संध्याकाळी अंकुशपुढे उभी राहते. गोळी त्याच्या तळहातावर ठेवते, लिंबूपाण्याचा पेला हातात देते आणि त्याने गिळेपर्यंत हलत नाही. "तोंड उघडा," म्हणते, मेघाला म्हणायची तसंच. तो चिडतो, पण उघडतो. लाडू सकाळी, चहा दुपारी, आणि रात्री चहा नाही. पाय एकदम थांबले नाहीत. मे महिन्यात वाटलं, काहीच उपयोग नाही. जूनमध्ये दोन रात्री सलग झोपला, तिसऱ्या रात्री पुन्हा फेऱ्या. डॉक्टर म्हणाल्या, विहीर एका पावसात भरत नाही.

जूनच्या शेवटी शाळा उघडल्या. व्हॅन विक्रम चालवतो. त्याने पहिल्याच दिवशी वाघाचे पट्टे लावायला घेतले, प्रेमलताने ते परत घरी पाठवले. चौदा पोरांतली आठ उरली. हर्षित आहे. नूपुर नाही, ती आता दुसऱ्या गाडीने जाते, आणि कधी सिग्नलला दोन्ही गाड्या शेजारी आल्या तर ती खिडकीतून हात हलवते. प्रेमलताही हलवते. तिची आई बघत असेल का, या विचाराने हात अर्ध्यावरच थांबतो.

अंकुश आता मागच्या सीटवर बसतो. पोरांना चढवतो, उतरवतो, दप्तरं सांभाळतो. पुन्हा चाक कधी हातात येईल ते ऑगस्टच्या तपासणीनंतर ठरणार. येईल की नाही, हेही तेव्हाच ठरणार. आणि आलं तरी पोरं येतील का, ते कुठलीच तपासणी सांगत नाही.

जुलैच्या मध्यावर एका सकाळी त्याचा मोबाइल वाजला. प्रेमलताने मागे वळून बघितलं. तो वाचत होता. मग त्याने फोन तिच्यापुढे धरला. रक्तपेढीचा निरोप होता: तीन महिने पूर्ण झाले, आपण पुन्हा रक्तदान करू शकता, धन्यवाद.

"काय सांगू त्याईले?" त्याने विचारलं.

"तुम्हीच ठरवा."

त्याने निरोप पुसला नाही, उत्तरही दिलं नाही. फोन खिशात ठेवला आणि काचेला डोकं टेकलं. त्याचा डावा पाय सीटखाली थोडा हलत होता. शंकरनगरच्या पुढे पाय थांबला. हर्षितने हळूच पुढे वाकून प्रेमलताला सांगितलं, "काकू, काका झोपले."

विक्रमने तिच्याकडे बघितलं. ती मेघाच्या बाळाबद्दल काहीतरी सांगायला निघाली होती. मुलगी झाली, पावणेतीन किलोची. ते तोंडापर्यंत आलेलं तिने तसंच ठेवलं, आणि शाळा येईपर्यंत ती एक शब्दही बोलली नाही.